रिकाम्या खोलीतला उंदीर

नोकरी कुठं, असं कुणी विचारलं की मी ‘कॉलेजात’ म्हणायचो आणि विषय बदलायचो. माझ्या सासऱ्यांची लग्नापर्यंत समजूत होती की जावई क्लार्क आहे. लग्नानंतर पंधरा दिवसांनी नजमानं माझा शर्ट हुंगला आणि विचारलं, "कॉलेजात तुम्ही नेमकं करता काय?" मग सांगावंच लागलं. औषधशास्त्राच्या कॉलेजात एक प्राणिगृह असतं. तिथं पांढरे उंदीर पाळतात. त्यांना खायला-प्यायला घालायचं, पिंजरे धुवायचे, रोज वजन करायचं, हे सगळं करणारा माणूस म्हणजे मी. तिनं शर्ट बादलीत भिजत घातला. मग म्हणाली, "मोहल्ल्यात सांगू नका."

तीस वर्षं मी ते काम केलं. आता निवृत्त झालोय, तेव्हा मोहल्ल्यात कळलं तरी हरकत नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं, उंदीर सांभाळायला काय लागतं? घरात न सांभाळता होतात! पण आमचा पांढरा उंदीर म्हणजे घरातला चोर नव्हे. त्याच्या खोलीत गरमी वाढली की तो खाणं सोडतो, दोन दिवस ओळखीच्या माणसाचा हात लागला नाही की बिथरतो. त्याच्या अंगाखाली भाताचं तूस घालायचं, तेही चाळून. त्याला शेपटीला धरून उचलायचं नाही. पाठीवरून हात न्यायचा, पुढच्या पायांमागं अंगठा आणि बोट आणायचं आणि असं धरायचं की त्याला वाटलं पाहिजे, आपल्याला कुणी पकडलेलं नाही, आपण टेकलोय. हे मी शेकडो पोरांना शिकवलं. पहिल्या दिवशी प्रत्येकजण घट्ट धरतो आणि चावून घेतो. एकदा तपासणीला आलेले एक साहेब पिंजऱ्याचं झाकण उघडताच स्टुलावर चढले आणि तिथूनच त्यांनी सगळा अहवाल लिहिला. अहवाल चांगला होता.

आमच्याकडं येणारे बहुतेक विद्यार्थी साखरेच्या आजारावर, नाहीतर सुजेवर औषध शोधणारे. उंदीर यायचे, प्रयोग व्हायचा, प्रबंध व्हायचा, पोरं पेढे देऊन निघून जायची. मी ना कुणाचा प्रबंध वाचला, ना वाचायची इच्छा झाली. वैशाली आली तोवर असंच चाललं होतं.

वैशाली पिशोरची. वडील शेतकरी, ही घरातली पहिली शिकलेली. पीएच.डी.ला आली तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्याकडं आली आणि म्हणाली, "मामा, मला तुमची मदत लागंल. पण त्याआधी एक गोष्ट सांगते, राग मानू नका."

"बोल की."

"तुम्ही तंबाखू खाता ना?"

खात होतो. लपवण्यासारखं काही नव्हतं, दातच सांगत होते. खिशात पुडी, चुन्याची डबी, आणि दर तासा-दीड तासाला तळहातावर मळणं. प्राणिगृहाच्या दारामागं उभं राहून मी दिवसातून दहा वेळा तरी ते करत असेन.

"माझा प्रयोगच निकोटीनवर आहे," ती म्हणाली. "तंबाखूत जे असतं ना, ते. तुम्ही मळलेल्या हातानं उंदीर धरला आणि त्यानं तुमचं बोट चाटलं, तर माझा सगळा हिशोब चुकला. प्रयोग संपेपर्यंत आत येताना पुडी बाहेर ठेवायची, हात साबणानं धुवायचे, हातमोजे घालायचे. जमंल?"

मला राग आला. पोरगी काल आली आणि आज मला हात धुवायला सांगते! पण तोंडातून ‘जमंल’ निघून गेलं होतं. त्या दिवसापासून माझी पुडी गेटवरच्या वॉचमनकडं राहू लागली.

मग तिनं मला प्रयोग समजावला. इतक्या वर्षांत कुणी समजावला नव्हता, सांगायचे ते फक्त किती मिलिलिटर ते. ती पिंजऱ्याशेजारी स्टूल घेऊन बसली.

"मामा, उंदराचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. महिनाभराचा उंदीर म्हणजे आपल्याकडचा सातवी-आठवीतला पोरगा. अडीच-तीन महिन्यांचा झाला की बापई गडी. बरोबर?"

"बरोबर."

"मी एकाच वेळी जन्मलेले उंदीर घेणार. त्यांचे दोन गट. एका गटाला कोवळ्या वयात थोडे दिवस निकोटीनची सुई, आणि मोठेपणी तितकेच दिवस नुसतं मिठाचं पाणी. दुसऱ्या गटाला उलट. लहानपणी मिठाचं पाणी, मोठेपणी निकोटीन. औषध तेवढंच, दिवस तेवढेच, सुयाही तेवढ्याच. फरक फक्त वयाचा. मग काही आठवडे सगळं बंद. त्यानंतर बघायचं, कुणाला ते किती आठवतं."

"आठवतं म्हणजे? उंदीर सांगणार कसा?"

ती हसली. "सांगतो, मामा. तुम्ही बघालच."

कोणता उंदीर कोणत्या गटातला हे ना तिला माहीत होतं, ना मला. औषधाच्या बाटल्या तिच्या मार्गदर्शक सरांनी भरल्या होत्या, त्यांवर फक्त आकडे. कोणता आकडा कशाचा, हे लिहिलेला कागद एका लिफाफ्यात बंद करून त्यांनी कपाटात ठेवला होता. मला हे नवं होतं. मी विचारलं, तुम्हाला स्वतःलाच का माहीत नको? ती म्हणाली, "माहीत असलं की डोळे खोटं बोलायला लागतात."

सुया सुरू झाल्या. ती टोचायची, मी धरायचो. दोन महिने आमचं जवळपास रोज तेच. उंदीर वाढले, सगळे सारखेच. वजन सारखं, खाणं सारखं, अंगावरचे केसही तसेच चकचकीत. इतकी वर्षं उंदीर पाहणारा मी, पण पैज लावून सांगू शकलो नसतो की कुणाच्या लहानपणी काय झालंय.

आणि मग माझ्या हातून चूक झाली.

मधले ते विश्रांतीचे आठवडे चालू होते. एका दुपारी वॉचमन जेवायला गेला होता, म्हणून पुडी माझ्या खिशातच राहिली. खिशात पुडी असली की हात ऐकत नाही. दारामागं उभा राहून मळली, तोंडात टाकली. तेवढ्यात आतून खडखडाट आला. एका पिंजऱ्याची पाण्याची बाटली निसटून तूस भिजत होतं. मी तसाच धावलो. दोन्ही उंदीर उचलून कोरड्या पिंजऱ्यात टाकले. टाकता टाकता पाहिलं, त्यातला एक माझा अंगठा चाटत होता. हातमोजे नव्हते.

कुणीही पाहिलं नव्हतं. मी बोललो नसतो तर आजही कुणाला कळलं नसतं. संध्याकाळपर्यंत मी तिच्यासमोर दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो. वाटत होतं, चिमूटभर तर होती, काय फरक पडणार? मग तिचंच बोलणं आठवलं, डोळे खोटं बोलायला लागतात. माझी तर जीभच खोटं बोलायला निघाली होती. तिसऱ्यांदा गेलो आणि सांगितलं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली, वहीत त्या दोन आकड्यांवर रेघ मारली. प्रबंधाची मुदत जवळ, उंदीर मोजून मिळालेले, त्यातले दोन गेले. डोळे पुसून म्हणाली, "मामा, तुम्ही सांगितलं म्हणून बाकीचे वाचले."

मी तिथंच उभा. वही मिटत तिनं विचारलं, "कितव्या वर्षी सुरू केली तुम्ही?"

"नऊ-दहा असंल."

"आणि सोडायचा प्रयत्न?"

मी बादली उचलून पिंजरे धुवायला निघालो. तेव्हा टाळलं.

आता सांगतो. आमचं मूळ घर दौलताबादला. किल्ल्याखाली अब्बांची पेरू-सीताफळांची पाटी असायची, सुट्टीत मी बसायचो. शेजारी टांगेवाले थांबायचे. एकानं गंमत म्हणून मला चिमूट दिली. गरगरलं, मी खाली बसलो, सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मी स्वतः मागितली. तेव्हापासून मी किती वेळा सोडली याची गणती नाही. रमजानमध्ये दिवसभर पाण्याचा थेंब न घेता राहायचो, पण संध्याकाळी मगरिबची अजान झाली की एका हातानं खजूर तोंडात आणि दुसरा हात पुडीकडं. नजमा म्हणायची, "रोजा तुम्ही अल्लाहसाठी सोडता की तंबाखूसाठी?" एकदा लेकीची शपथ घेऊन सोडली आणि नवव्या दिवशी मोडली. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ युसूफ. त्यानं तेविसाव्या वर्षी, वाळूजच्या कंपनीत लागल्यावर सुरू केली. चार वर्षं माझ्याइतकीच खाल्ली. मुलगी झाली त्या दिवशी पुडी गटारात टाकली आणि पुन्हा हात लावला नाही. एवढं सोपं. त्यानंतर घरात कुठलाही सण असो, जेवणं झाली की तो सगळ्यांसमोर म्हणायचा, "मैं एक दिन में छोडा ना भाई, तेरेकू क्या हुआ? मर्द की जबान रहना!" सगळे हसायचे. मीही हसायचो. मनातून मला ते खरंच वाटायचं. एकाच आईच्या पोटचे दोघं, एकाच ताटात जेवलेले. एकाला जबान आहे, एकाला नाही.

परीक्षेचे दिवस आले. उंदीर रात्री जागा असतो, दिवसा झोपतो. म्हणून त्या खोलीत आम्ही काळच उलटा केला होता. रात्री दिवे चालू, दिवसा बंद. बाहेर दुपारचं ऊन रणरणत असायचं आणि आत मिट्ट काळोख, फक्त एक तांबडा दिवा. तांबडा उजेड उंदराला जवळजवळ दिसत नाही. त्याला वाटतं, अंधार आहे, आपण एकटे आहोत.

मधोमध एक लाकडी पेटी. तिच्यात दोन खोल्या, मध्ये सरकतं दार. एका खोलीच्या भिंतीला पट्टे, दुसरी कोरी. आधीचे काही दिवस प्रत्येक उंदराला एका खोलीत थोडंसं निकोटीन देऊन ठेवायचं, दुसरीत मिठाचं पाणी देऊन. दार बंद. आणि शेवटच्या दिवशी सुई नाही, औषध नाही, काहीच नाही. दार उघडं टाकायचं, उंदीर मधे सोडायचा आणि बघायचं, तो कुठं बसतो.

स्टॉपवॉच माझ्या हातात होतं.

पहिला उंदीर सोडला. इकडं गेला, तिकडं गेला, दोन्ही खोल्यांचे कोपरे हुंगले, भिंतीला पाय लावून वर पाहिलं. उंदीर असाच असतो, चौकस. दुसराही तसाच. तिसरा मात्र सोडल्याबरोबर दारापाशी थांबला. मिशा हलल्या. मग सरळ पट्ट्यांच्या खोलीत, जिथं त्याला निकोटीन मिळालं होतं तिथं, गेला आणि कोपऱ्यात बसला.

मला वाटलं, उठेल. तो उठला. दारापर्यंत आला, पलीकडं डोकावला आणि परत त्याच कोपऱ्यात. पंजांनी तोंड पुसलं, जमीन हुंगली, पुन्हा हुंगली. जणू काही सांडलंय आणि ते सापडत नाहीये.

पेटी मी स्वतः धुतली होती. आधी साबणानं, मग स्पिरिटनं. त्या खोलीत काहीही नव्हतं. औषध नाही, वास नाही, खायचा दाणा नाही. पलीकडं तेवढीच मोठी, तेवढीच स्वच्छ खोली होती, दार सताड उघडं होतं. आणि हा एवढासा जीव, ज्याचा मेंदू भुईमुगाच्या शेंगेपेक्षा मोठा नाही, त्या रिकाम्या खोलीत कशाची तरी वाट बघत बसला होता.

स्टॉपवॉच थांबवायचं मी विसरलो. वैशाली हळूच म्हणाली, "मामा, वेळ." मी बटण दाबलं. पुडी वॉचमनकडं असायची, तरी मी प्राणिगृहाच्या दारामागं दिवसातून दहा वेळा असाच जाऊन उभा राहायचो. तिथंही काही नव्हतं.

त्या आठवड्यात आम्ही सगळे उंदीर पाहिले. काही फिरत राहिले, काही त्या एका खोलीला चिकटले. मी रोज आकडे लिहिले.

लिफाफा सरांनी उघडला तेव्हा तिघंच होतो, सर, ती आणि मी. सरांनी मला बाहेर जायला सांगितलं नाही. सर आकडा वाचायचे आणि वैशाली समोर खूण करायची. ‘लहानपणी’, ‘मोठेपणी’, ‘मोठेपणी’, ‘लहानपणी’. जे खोलीत बसून राहिले होते, त्यांच्यासमोर बहुतेक ठिकाणी ‘लहानपणी’ येत गेलं. जे फिरत राहिले, त्यांच्यासमोर ‘मोठेपणी’. मी उंदरांना ओळखत होतो असा माझा समज होता. एवढे आठवडे ते माझ्या हातात वाढले, हाताखाली झोपले आणि त्यांच्या आत, कवटीच्या आत, लहानपणचे ते थोडे दिवस शाबूत होते. वजनकाट्यावर दिसले नाहीत, डोळ्यांत दिसले नाहीत. दार उघडल्यावर दिसले.

‘लहानपणी’वाल्यांतला एक मात्र मोकळा फिरला होता. मी विचारलं, हा असा का?

"माहीत नाही," वैशाली म्हणाली. "सगळे सारखे नसतात. हे जगात आधीच बऱ्याच जणांनी बघितलेलं आहे, मामा. मी काही नवा शोध नाही लावला. पण तो एक वेगळा का, ते कुणालाच नीट सांगता येत नाही."

जगाला आधीच माहीत होतं. मला नव्हतं.

सर गेल्यावर मी तिला युसूफचं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं, लेकीच्या शपथेसकट. आणि विचारलं, "म्हणजे माझा दोष नव्हता?"

ती विचार करून बोलणारी मुलगी. लगेच ‘नाही नाही’ म्हणाली नाही.

"उंदरावरून माणसाचं सगळंच सांगता येत नाही. पण कोवळ्या वयात मेंदू अजून घडत असतो. त्यात जे जातं, ते त्याच्या घडणीत मिसळतं. तुमच्या भावाला जे ओझं उचलायला लागलं आणि तुम्हाला जे उचलायला लागलं, ते एकसारखं नसंल. दोष नाही, मामा." मग थांबून म्हणाली, "पण उंदराला दवाखान्यात जाता येत नाही. तुम्हाला येतं."

पुढचा भाग लिहिताना हात जड होतो, पण तो गाळला तर हे लिहिणं अर्धवट होईल. प्रयोग संपला की उंदीरही संपतात. त्यांचा मेंदू काढून बघायचा असतो. त्यांना त्रास होऊ नये म्हणून आधी गुंगी देतात, आणि ती देताना त्यांना धरायचं काम माझं. ज्या हाताची त्यांना सवय, त्याच हातात ते शांत राहतात. तीस वर्षं ते मी केलं. दरवेळी मनातल्या मनात माफी मागितली. त्या वेळी थोडी जास्त मागितली. नंतर वैशालीनं मला सूक्ष्मदर्शकाखाली एक काप दाखवला. निळ्या-जांभळ्या ठिपक्यांचं आभाळच. ती कसलीशी नावं सांगत होती, मी ऐकत नव्हतो. एवढ्याशा कापात एक अख्खं लहानपण मावलं होतं.

पंधरा दिवसांनी मी सरकारी दंत महाविद्यालयात जाऊन तोंड दाखवलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. वेळेवर आलात, डॉक्टर म्हणाले. त्यांनी चट्टा बघितला, तुकडा तपासला, आणि तंबाखू सोडण्यासाठी दर आठवड्याला यायला सांगितलं. चघळायच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांतही निकोटीनच! मी हसलो, तर डॉक्टरांना वाटलं मी चेष्टेवारी नेतोय. एकदा मोडलं, दुसऱ्यांदा मोडलं. पण आधी मोडलं की मी स्वतःला शिव्या देऊन दुप्पट खायचो, आता मोडलं की आठवड्यानं पुन्हा रांगेत बसायचो. फरक एवढाच होता. तिसऱ्यांदा टिकलं. आता पाचवं वर्ष चालू आहे. तलफ अजून येते. दारामागची जागा दिसली की हात खिशाकडं जातो. जाऊ देतो. खिसा रिकामा असतो.

युसूफनं कंपनी सोडून दौलताबादला शाळेच्या रस्त्यावर किराणा दुकान टाकलंय. दुकानाच्या तोंडाशी तंबाखूच्या पुड्यांच्या माळा लोंबायच्या, तोरणासारख्या. माझी तंबाखू सुटली हे कळल्यावर तो म्हणाला, "देखा? आखिर जबान आई!" त्या दिवशी मी हसलो नाही. दुकानातच बसून त्याला उंदरांचं सगळं सांगितलं, लिफाफ्यापर्यंत. तो गिऱ्हाईक करत होता, तराजूत डाळ टाकत होता. शेवटी म्हणाला, "चूहों की बात इन्सानों कू लगाता क्या? जा, चाय पी." मला वाटलं, गेलं वाऱ्यावर.

तीन-चार महिन्यांनी पुतणीच्या साखरपुड्याचं ठरवायला गेलो. दुकानाच्या तोंडाशी शेंगदाण्याची चिक्की आणि शाम्पूच्या पुड्या टांगलेल्या.

"माळा कुठं गेल्या?"

"अंदर रख्या. बडे लोगां मांगे तो देता." माझ्याकडं न बघता तो बरणीचं झाकण लावत होता.

तेवढ्यात शाळेच्या गणवेशातली एक पोरगी आली. आठ-नऊ वर्षांची असेल. मूठ काउंटरवर उघडून म्हणाली, "चाचा, आजोबांसाठी एक पुडी."

"नाय मिळणार. आजोबाला म्हण, स्वतः ये."

"त्यांचे गुडघे दुखतात."

"मग मी घरी येऊन देईन, सांग जा. पण तुझ्या हातात नाय देणार."

पोरगी क्षणभर उभी राहिली, मग दप्तर सावरत पळाली. मी त्याच्याकडं बघत होतो. युसूफ म्हणाला, जरा चिडूनच, "क्या देखरा? दुकान बंद हुए बाद मेरेकूच जाना है उसके घर."